पेट्रोलचा भाव नेमका कुठे ठरतो आणि कच्चं तेल येतं तरी कुठून

पेट्रोलचे दर वाढले की दोन प्रश्न हमखास येतात. एक म्हणजे, पंपाच्या टाकीत जे पेट्रोल आहे ते तर जुन्या भावाने घेतलेलं, मग आज सकाळी लगेच दर कसा काय वाढला? आणि दुसरा, जे देश स्वतः एवढं तेल काढतात तिथल्या लोकांनाही महागाई का सोसावी लागते? दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत आणि दोन्हींचं मूळ उत्तर एकच आहे: टाकीत जे तेल आहे त्याच्यावर भाव ठरत नाही, ते संपल्यावर त्याच्या जागी जे पुढचं तेल आणावं लागणार त्याच्यावर ठरतो. हे एकदा डोक्यात नीट बसलं की ओपेक (तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना), युद्धं, चक्रीवादळं, रिफायनरीला लागलेली आग, सगळं एका धाग्यात येतं. पण आधी हे तेल म्हणजे नक्की काय आणि ते जमिनीखाली कसं असतं ते बघू, कारण भावाची निम्मी गोष्ट तिथेच सुरू होते.

तेल डायनासोरांपासून झालं असं बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण ते खरं नाही. तेल झालंय समुद्रातल्या अतिशय बारीक जिवांपासून, म्हणजे शेवाळं आणि प्लँक्टन, जे बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत पण संख्येने अफाट असतात. ते मेले की तळाशी जातात, एरवी तिथे कुजून संपतात, पण जिथे तळाच्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो तिथे ते पूर्ण कुजत नाहीत, चिखलात मिसळून तसेच राहतात आणि वरून अजून चिखल, अजून वाळू असे थरावर थर लाखो वर्षं साचत जातात. जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढते. चिखलाचा खडक होतो, त्यातल्या सेंद्रिय मालाचं केरोजेन नावाचं घट्ट द्रव्य बनतं, आणि तापमान साधारण ६० ते १२० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात आलं की केरोजेनचे मोठाले रेणू तुटून तेल तयार व्हायला लागतं. त्याच्याहून थंड राहिलं तर तेल होत नाही, फारच तापलं तर तेलाचाही गॅस होऊन जातो. सौदी, इराक, कुवेत, इराण याच भागात एवढं तेल का, तर तिथे कोट्यवधी वर्षं टेथिस नावाचा समुद्र होता, त्याच्या उथळ उबदार पाण्यात जीवसृष्टी भरपूर होती, आणि नंतरचे थरही त्यावर हवे तसे बसत गेले.

जमिनीखाली तेलाचं तळं असतं आणि त्यात पाइप सोडून ओढून घेतात, असंही खूप जणांना वाटतं. तळं वगैरे काही नसतं. तेल असतं खडकाच्या आत, ओल्या विटेत पाणी असतं तसं. विहीर खणताना खडकाचा एक गोल दांड्यासारखा तुकडा अख्खा वर काढतात, त्याला कोअर म्हणतात. तो हातात घेतला तर आधी साधा दगडच वाटतो. वालुकाश्म असेल तर बोटांना खरखरीत लागतो, रंग तपकिरी, नाकाजवळ नेला की तेलाचा वास येतो आणि भिंगातून पाहिलं की वाळूच्या कणांमधल्या फटींत बारीक चकाकी दिसते, तेच ते तेल ज्यासाठी एवढी युद्धं झाली. या फटी खडकाच्या आकारमानाच्या १० ते ३० टक्के असल्या तर तो चांगला साठा धरतात. शिवाय फटी एकमेकींना जोडलेल्या हव्यात, नाहीतर तेल असूनही ते वाहणार नाही. आणि वाहिलं तरी सगळं वर येत नाही, जगाची सरासरी बघितली तर साठ्यातलं साधारण एक तृतीयांश तेल हाती लागतं, बाकीचं कणांना चिकटून खालीच राहतं.

तेल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते फटींमधून वर वर सरकत राहतं, आणि वाटेत मिठाचा किंवा घट्ट चिकणमातीच्या खडकाचा थर आडवा आला की त्याच्याखाली अडकून साठतं. असा थर नसला तर तेल पृष्ठभागापर्यंत येऊन झिरपतं. कॅनडातल्या अल्बर्टामध्ये असंच झालं, तेल पृष्ठभागाजवळ आलं, त्यातला हलका भाग जिवाणूंनी खाऊन टाकला आणि मागे राहिलं डांबरासारखं जाड द्रव्य, वाळूत मिसळलेलं. ते आज खाणीतून खोदून किंवा वाफ सोडून पातळ करून काढतात.

आता इथून पैशाचा विषय चालू होतो. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला एडविन ड्रेकने जी विहीर खणली ती फक्त २१ मीटर खोल होती. सौदीतलं घवार क्षेत्र १९४८ साली सापडलं, ते साधारण २८० किलोमीटर लांब आहे आणि आजही जगातलं सगळ्यात मोठं पारंपरिक तेलक्षेत्र म्हणून तेच ओळखलं जातं. तिथे तेल काढायचा खर्च बॅरलमागे अगदी थोडा येतो. खोल समुद्रात हजारो फूट पाण्याखाली विहीर खणायची तर खर्च कितीतरी पटीने जास्त. अल्बर्टाच्या वाळूतलं तेलही महागडं. आणि अमेरिकेतलं शेल तेल म्हणजे तर तेल ज्या खडकात तयार झालं त्याच खडकात अजून अडकून बसलेलं, फटी इतक्या बारीक की ते स्वतःहून वाहतच नाही, म्हणून विहीर आधी सरळ खाली आणि मग आडवी वळवून किलोमीटर-दोन किलोमीटर न्यायची, आणि प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि थोडी रसायनं सोडून खडकाला तडे पाडायचे. याला फ्रॅकिंग म्हणतात. याच तंत्रामुळे अमेरिकेचं उत्पादन २००८ मध्ये दिवसाला साधारण ५० लाख बॅरल होतं ते २०२३ पर्यंत सुमारे १ कोटी ३० लाखांवर गेलं, म्हणजे आज जगात सगळ्यात जास्त कच्चं तेल काढणारा देश सौदी नसून अमेरिका आहे. पण शेलच्या विहिरीची एक खोड आहे, पहिल्या वर्षातच तिचं उत्पादन निम्म्याहून खाली येतं, त्यामुळे सतत नव्या विहिरी खणत राहावं लागतं आणि भाव पडले की खणणं थांबतं.

बॅरल म्हणजे ४२ अमेरिकन गॅलन, आपल्या मापात जवळपास १५९ लिटर. जगाला रोज साधारण १० कोटी बॅरल लागतात. त्यातलं जवळपास ४० टक्के अमेरिका, सौदी आणि रशिया हे तीनच देश काढतात, मागोमाग कॅनडा, इराक, चीन, संयुक्त अरब अमिरात, इराण, ब्राझील वगैरे. आणि जमिनीखाली सगळ्यात मोठा सिद्ध साठा कोणाचा, तर व्हेनेझुएलाचा, कागदावर ३०,००० कोटी बॅरल. पण ते ओरिनोको पट्ट्यातलं अतिजाड तेल आहे, काढायला आणि शुद्ध करायला महाग, वर गुंतवणुकीचे आणि निर्बंधांचे हाल, त्यामुळे अलीकडच्या बऱ्याच वर्षांत तिथून दिवसाला जेमतेम १० लाख बॅरलच्या आसपास किंवा त्याहूनही कमीच तेल निघालं. म्हणून साठा किती आहे या आकड्याकडे मी फारसं बघतच नाही, रोज किती तेल खरोखर बाजारात येतंय हे बघायचं.

तर भाव. जगाला १० कोटी बॅरल हवेत, त्यातले बरेचसे स्वस्तात निघतात, पण तेवढ्याने भागत नाही, म्हणून महागडे बॅरलही काढावे लागतात. आणि तो शेवटचा महागडा बॅरल काढणाऱ्याला परवडेल एवढा भाव असला तरच तो काढणार. मग स्वस्तात काढणारा स्वस्त विकेल का? नाही विकणार, त्यालाही बाजारात तोच भाव मिळतो, मधला फरक त्याचा नफा. सौदी आणि कुवेतसारख्या देशांची श्रीमंती या फरकातून आली आहे. म्हणूनच आपल्या देशात तेल निघतं म्हणजे पेट्रोल स्वस्त मिळायला हवं हा हिशोब बसत नाही, कारण देशातल्या कंपनीला तेच तेल जहाजात भरून दुसरीकडे त्याच भावाने विकता येतं. अमेरिकेने १९७० च्या दशकापासून कच्च्या तेलाच्या निर्यातीवर बंदी घातली होती, ती डिसेंबर २०१५ मध्ये उठवली, तेव्हापासून तर तिथलं तेल पूर्णपणे जगाच्या बाजाराचा भाग आहे. ज्या तेलउत्पादक देशांत पेट्रोल खरंच खूप स्वस्त आहे, इराण, कुवेत वगैरे, तिथे सरकार ते मुद्दाम कमी भावात देतं, म्हणजे बाहेर विकून जे मिळालं असतं ते सोडून देतं. आणि नॉर्वे बघा, भरपूर तेल, बहुतेक सगळं निर्यात, आणि घरच्या पेट्रोलवर जबरदस्त कर.

तेलाच्या भावाचा दुसरा स्वभाव म्हणजे तो थोड्याशा धक्क्याने खूप हलतो. याचं कारण आपल्या वागण्यात आहे. पेट्रोल १० टक्के महाग झालं म्हणून कोणी उद्यापासून कामावर जायचं थांबत नाही, गाडी तीच, अंतर तेच, ट्रकला माल पोचवायचाच आहे. मागणी पटकन कमी होत नाही. पुरवठाही पटकन वाढत नाही, नवीन समुद्री क्षेत्र उभं राहायला अनेक वर्षं जातात. म्हणजे दोन्ही बाजू ताठ. अशा बाजारात दोन-तीन टक्के तेल कमी पडलं तर कोणीतरी तेवढं वापरणं सोडेपर्यंत भाव चढत राहतो, आणि लोक सहज सोडत नाहीत म्हणून तो खूप चढतो. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी इस्रायलच्या पाठीराख्यांना तेल बंद केलं तेव्हा बॅरलचा भाव ३ डॉलरच्या आसपास होता, १९७४ उजाडेपर्यंत तो १२ डॉलरच्या जवळ गेला, चौपट! जगाचं तेल काही एक चतुर्थांशावर आलं नव्हतं, तुटवडा काही टक्क्यांचाच होता. उलट्या दिशेनेही हेच होतं, थोडंसं तेल जास्त झालं तरी भाव धाडकन पडतो, १९८६ ला आणि २०१४ नंतर तसंच झालं.

ओपेकची ताकद इथेच आहे. १९६० साली बगदादमध्ये इराण, इराक, कुवेत, सौदी आणि व्हेनेझुएला या पाच देशांनी ती सुरू केली, पुढे बाकीचे देश आले-गेले, आणि २०१६ पासून रशिया वगैरे मंडळींना घेऊन ओपेक प्लस झाली. ओपेक भाव ठरवते असं म्हटलं जातं, प्रत्यक्षात ती उत्पादन किती करायचं ते ठरवते, आणि बाजार वर सांगितला तसा ताठ असल्यामुळे तेवढंही पुरतं. पण सगळे सभासद ठरलेला कोटा पाळतात असं अजिबात नाही. खरं वजन सौदीचं, कारण गरज पडली तर लगेच सुरू करता येईल अशी राखीव क्षमता मुख्यतः त्याच्याकडे आणि थोडी अमिरातीकडे असते. ही राखीव क्षमता जास्त असली की बाजार शांत असतो, कमी असली की कुठल्याही बातमीने उसळतो. माझ्या मते तेलाच्या बातम्यांमध्ये सगळ्यात कमी बोलली जाणारी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

बातमीने भाव उसळतो म्हणजे कसा, याचं ठळक उदाहरण अबकैकचं. १४ सप्टेंबर २०१९ ला सौदीतल्या अबकैक इथल्या तेलप्रक्रिया केंद्रावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी हल्ला झाला, दिवसाला ५७ लाख बॅरल, म्हणजे सौदीचं जवळजवळ निम्मं उत्पादन एका फटक्यात बंद पडलं. सोमवारी बाजार उघडला आणि ब्रेंटचा, म्हणजे जगात मापदंड धरल्या जाणाऱ्या तेलाचा, भाव एका दिवसात साधारण १५ टक्क्यांनी चढला. जगातल्या कुठल्याही पंपावर तेव्हा तेल कमी पडलेलं नव्हतं, जहाजं समुद्रात होती, टाक्या भरलेल्या होत्या. चढला तो पुढच्या बॅरलचा भाव. आणि सौदीने दुरुस्ती भराभर केली तसा तो काही आठवड्यांत उतरलाही. होर्मुझच्या सामुद्रधुनीचंही तेच आहे. इराण आणि ओमानच्या मधली ही पट्टी सगळ्यात अरुंद जागी साधारण ३३ किलोमीटर रुंद आहे, आणि २०२२ ते २०२४ या काळात तिथून दिवसाला सुमारे २ कोटी बॅरल तेल आणि तेलाचे पदार्थ जात होते, जगाच्या वापराचा पाचवा हिस्सा. म्हणून तिथे नुसता तणाव वाढला तरी जहाजांचा विमा महाग होतो आणि बॅरलही.

भाव म्हणताना ब्रेंट आणि डब्ल्यूटीआय ही दोन नावं सारखी ऐकू येतात. जगात कच्च्या तेलाचे शेकडो प्रकार आहेत, प्रत्येकाचा वेगळा भाव रोज ठरवत बसणं शक्य नाही, म्हणून एक-दोन प्रकार मापदंड धरायचे आणि बाकीच्यांचा भाव त्याच्यापेक्षा इतके डॉलर वर किंवा खाली असा बोलायचा. ब्रेंट हे उत्तर समुद्रातलं क्षेत्र, १९७१ ला सापडलं. त्याचं स्वतःचं उत्पादन २०२१ मध्ये थांबलं, तरी नाव चालू आहे, आता त्या नावाखाली उत्तर समुद्रातल्या दुसऱ्या काही क्षेत्रांचं तेल आणि २०२३ पासून टेक्सासचं तेलसुद्धा धरलं जातं. डब्ल्यूटीआय (वेस्ट टेक्सास इंटरमीजिएट) म्हणजे अमेरिकेतलं हलकं तेल, त्याच्या वायद्याची, म्हणजे पुढच्या ठरावीक काळात ठरलेल्या भावाने माल घ्यायच्या कराराची, डिलिव्हरी ओक्लाहोमातल्या कुशिंग गावी होते, जिथे टाक्याच टाक्या आहेत.

याच कुशिंगमुळे २० एप्रिल २०२० ला जे झालं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात भाव कसा बनतो हे उघडं दिसतं. कोविडमुळे जगभर गाड्या आणि विमानं थांबलेली, मागणी कोसळलेली, पण विहिरी एका दिवसात बंद करता येत नाहीत, तेल येतच होतं. कुशिंगच्या टाक्या भरत आल्या, ज्या रिकाम्या होत्या त्याही आधीच कोणीतरी बुक केलेल्या. मे महिन्याच्या डिलिव्हरीचा वायदा २१ एप्रिलला संपणार होता, आणि एक वायदा म्हणजे १,००० बॅरल खरोखरचं तेल ताब्यात घ्यायचं. ज्यांनी नुसता भावावर पैसे लावायला वायदे घेतले होते त्यांच्याकडे ठेवायला टाकी नाही, आणि घ्यायला कोणी तयार नाही, मग ते पैसे देऊन वायदा सोडवायला लागले आणि त्या दिवसाचा बंद भाव आला उणे ३७.६३ डॉलर. त्याच दिवशी ब्रेंट मात्र २५ डॉलरच्या आसपास होतं, कारण ते समुद्रावरचं तेल, जहाजात भरून कुठेही नेता येतं, कुशिंग पडलं जमिनीच्या मधोमध. आणि पंपावर? अमेरिकेत तेव्हा गॅलनला १.८० डॉलरच्या आसपास द्यावे लागत होते. कच्चं तेल शून्याखाली गेलं तरी पेट्रोल फुकट झालं नाही, कारण पेट्रोल ही वेगळी वस्तू आहे, ती बनवावी लागते, वाहून आणावी लागते आणि तिच्यावर कर असतो.

वायदेबाजारातले सट्टेबाज भाव वाढवतात, हा आरोप दर वेळी होतो. थोड्या दिवसांसाठी ते भावाला जोराचा धक्का देऊ शकतात हे खरं आहे, पण वरचंच उदाहरण सांगतं की शेवटी तेल कुठेतरी प्रत्यक्ष ठेवावं किंवा जाळावं लागतं, आणि ज्याच्याकडे टाकी नाही त्याला बाजार बाहेर काढतो.

आता रिफायनरी, जिच्याबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात. कच्च्या तेलाचे नमुने बाटल्यांत भरून शेजारी शेजारी ठेवले तर ते एकाच वस्तूचे वाटणारही नाहीत. एखादं पिवळसर आणि पातळ, बाटली हलवली की पाण्यासारखं खेळणारं, एखादं हिरवट तपकिरी, आणि एखादं काळंकुट्ट, बाटली आडवी केली तरी जागचं हलायला वेळ घेणारं. शिवाय गंधक. गंधक ०.५ टक्क्याहून कमी असेल त्याला गोड म्हणतात, जास्त असेल त्याला आंबट. हलकं आणि गोड तेल महाग, कारण त्यातून पेट्रोल-डिझेल सहज मिळतं, जाड आणि आंबट स्वस्त, कारण त्याच्यावर खूप काम करावं लागतं.

ते काम कसं चालतं, तर आधी तेल धुऊन त्यातलं मीठ काढतात, नाहीतर यंत्रं गंजतात. मग भट्टीत साधारण ३५० अंशांपर्यंत तापवून उंच टॉवरमध्ये सोडतात. वाफा वर जातात, टॉवर वर वर थंड होत जातो आणि आत एकावर एक ट्रे असतात, जो पदार्थ ज्या तापमानाला पुन्हा द्रव होतो तो त्या उंचीच्या ट्रेवर जमतो. डिझेल खालच्या बाजूला, रॉकेल मध्ये, पेट्रोलच्या जातीचा नॅफ्था वर, आणि तळाशी जाड रेसिड्यू. पण असं नुसतं वेगळं केल्याने पुरेसं पेट्रोल मिळत नाही, आणि जो नॅफ्था मिळतो त्याचा ऑक्टेन इतका कमी असतो की इंजिन ठोके द्यायला लागेल. म्हणून त्याला प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावरून नेऊन त्याचे रेणू बदलतात. आणि जाड भागाचे मोठे रेणू तोडायला क्रॅकर असतो, त्यात ५०० अंशांच्या वर तापलेली उत्प्रेरकाची बारीक पावडर तेलाच्या वाफेबरोबर पाइपातून अक्षरशः वाहत वर जाते, काही सेकंदांत रेणू तुटतात, पावडरीवर कार्बन चढून ती काळी पडते, मग तिला दुसऱ्या पात्रात नेऊन तो कार्बन जाळतात आणि तीच गरम पावडर पुन्हा आत येते, दिवसरात्र न थांबता. या पद्धतीचा पहिला व्यापारी क्रॅकर १९४२ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजला सुरू झाला. अमेरिकेतल्या रिफायनऱ्या १५९ लिटरच्या एका बॅरलमधून साधारण ७० ते ७५ लिटर पेट्रोल काढतात, आणि सगळे पदार्थ मिळून १७० लिटरच्या आसपास होतात, कारण रेणू तुटल्यावर आकारमान वाढतं.

अमेरिका एवढं तेल काढते तरी आयात का करते, याचं उत्तरही या यंत्रांत आहे. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच मोठ्या रिफायनऱ्या व्हेनेझुएला, मेक्सिको, कॅनडाचं जाड तेल डोळ्यासमोर ठेवून उभ्या केल्या, अब्जावधी डॉलर खर्चून. नंतर शेलचं तेल आलं ते हलकं. मग हलकं निर्यात करायचं आणि जाड आयात करायचं, हेच फायद्याचं पडतं. जास्त विहिरी खणा म्हणजे पेट्रोल स्वस्त होईल, असं सांगणाऱ्या पुढाऱ्याने हा भाग कधीच सांगितलेला नसतो.

कच्चं तेल मुबलक आहे आणि रिफायनरी कमी पडतेय, असंही होऊ शकतं. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल १४७ डॉलरला गेलं होतं, तेव्हा अमेरिकेत पेट्रोलची सरासरी गॅलनला ४.११ डॉलरच्या आसपास होती. जून २०२२ मध्ये कच्चं तेल १२० च्या आसपास, म्हणजे कमी, तरी पेट्रोल ५ डॉलरच्या वर गेलं. मधल्या काळात, विशेषतः कोविडमध्ये, बऱ्याच रिफायनऱ्या कायमच्या बंद झाल्या होत्या, आणि युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाचं डिझेल आणि इतर इंधनं घ्यायला अनेक देश कचरायला लागले, त्यामुळे ज्या रिफायनऱ्या चालू होत्या त्यांच्यासाठी कच्च्या तेलाचा भाव आणि तयार इंधनाचा भाव यांतला फरक, ज्याला क्रॅक स्प्रेड म्हणतात, खूप वाढला. ऑगस्ट २००५ मध्ये कतरीना वादळाने आखातातल्या रिफायनऱ्या बंद पाडल्या तेव्हाही पेट्रोल कच्च्या तेलाहून कितीतरी जोरात चढलं होतं. आणि मे २०२१ मध्ये ह्यूस्टनकडून न्यू जर्सीकडे तयार इंधन नेणारी कलोनियल पाइपलाइन सायबर हल्ल्यामुळे काही दिवस बंद राहिली तेव्हा कच्चं तेल होतं, रिफायनऱ्या चालू होत्या, तरी आग्नेय अमेरिकेतले पंप कोरडे पडले, त्यात लोकांनी घाबरून टाक्या भरून घेतल्याने अजून भर.

ऋतूचाही संबंध येतो. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ जास्त होते आणि ती हवा खराब करते, म्हणून अमेरिकेसारख्या देशांत उन्हाळ्यासाठी वेगळं, कमी वाफ होणारं पेट्रोल सक्तीचं असतं, त्यात सहज वाफ होणारं स्वस्त ब्युटेन जास्त घालता येत नाही म्हणून ते महाग पडतं. कॅलिफोर्नियाची तर स्वतःची आणखी कडक कृती आहे आणि तिथे दुसऱ्या भागातून पेट्रोल आणायला पाइपलाइनही जवळपास नाही, त्यामुळे एक रिफायनरी बंद पडली तरी तिथला भाव उडतो.

कराचं गणित सोपं आहे. अमेरिकेत केंद्राचा कर गॅलनला १८.४ सेंट, १९९३ पासून तेवढाच, वर राज्यांचे कर. पश्चिम युरोपात बऱ्याचदा पंपावरच्या किमतीचा निम्मा भाग कराचा असतो. जिथे कर लिटरमागे ठरावीक रक्कम असतो तिथे कच्च्या तेलाचे चढउतार ग्राहकाला टक्केवारीत कमी जाणवतात. साधा अंदाज हवा असेल तर बॅरल १ डॉलरने वाढला म्हणजे लिटरमागे ०.६३ सेंट, मग त्यात तुमच्या चलनाचा डॉलरशी असलेला भाव धरायचा, कारण तेल बहुतांश डॉलरमध्येच विकलं जातं आणि चलन घसरलं की बॅरल जागच्या जागी असूनही पेट्रोल महाग होतं.

सरकारांकडे आणीबाणीचा साठा असतो, तो सोडला की भाव पडेल अशी आशा असते. अमेरिकेचा साठा टेक्सास आणि लुइझियानात जमिनीखाली मिठाच्या थरांत कोरलेल्या प्रचंड पोकळ्यांमध्ये ठेवलाय, १९७३ च्या धक्क्यानंतर उभा केलेला. २०२२ मध्ये त्यातून १८ कोटी बॅरल सोडायचं ठरलं, सहा महिन्यांत, म्हणजे दिवसाला १० लाख. जगाच्या रोजच्या वापराच्या एक टक्का. बाजार ताठ असतो तेव्हा एक टक्काही कामाला येतो, पण तो पुरवठा कायमचा नसतो, नंतर तोच साठा पुन्हा विकत घेऊन भरावा लागतो.

आता पंपाच्या टाकीतल्या जुन्या पेट्रोलकडे येऊ. पंपवाल्याने आजचा माल जुन्या भावात विकला तर उद्याचा टँकर नव्या भावाने भरायला त्याच्याकडे पैसे कमी पडतात, म्हणून तो आजच दर वाढवतो. हे मला पटतं. न पटणारी गोष्ट अशी की हाच नियम उतरताना तितक्याच तत्परतेने लागू होत नाही. रॉबर्ट बेकन या अर्थशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या पेट्रोलच्या दरांचा अभ्यास करून दाखवलं की दर रॉकेटसारखे चढतात आणि पिसासारखे उतरतात, नंतर बऱ्याच देशांत, सगळीकडे नाही पण बऱ्याच ठिकाणी, तेच आढळलं. एक कारण असं सांगतात की भाव चढत असताना लोक चिडून दोन-चार पंप फिरून बघतात, त्यामुळे सगळ्यांना दर जवळजवळ ठेवावे लागतात, पण भाव उतरायला लागला की लोक सुटलो म्हणून समोर येईल त्या पंपावर गाडी लावतात आणि पंपवाल्याला घाई उरत नाही. त्यामुळे जिथे पंप आपापला दर स्वतः ठरवतात तिथे दर तपासून बघायची खरी वेळ कच्चं तेल घसरल्याची बातमी आल्यानंतरचे काही आठवडे ही असते, तेव्हाच दोन पंपांमधला फरक सगळ्यात मोठा सापडतो.